शिंगांवरचा रंग, तोरणाखालची झडती

श्रावणी अमावास्येची दुपार कलली की भंडारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या आखरावर, म्हणजे गावालगतच्या मोकळ्या जागेत, पोळ्यासाठी बैलजोड्या येऊन उभ्या राहतात. शिंगांना ताजा रंग आणि बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. पांढऱ्या अंगावर गेरूचे ठसे. आदल्या संध्याकाळी खांदे हळद-तुपाने मळलेले असतात; वर्षभर जू वाहून तिथेच घट्टे पडतात.

आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं जातं आणि डफड्याच्या ठेक्यात कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं टोमणेबाज पद्य, सुरू करतो. सुरुवात महादेव-पार्वतीच्या नमनाने. पुढे मात्र सावकार, पटवारी, धानाचा भाव, पुढाऱ्यांची आश्वासनं अशी सगळ्यांची हजेरी घेतली जाते. शेवटी ‘हर हर महादेव’चा गजर. एकाची झडती संपते न संपते तोच दुसऱ्या बाजूने उत्तर येतं. मग मानाची जोडी पुढे निघते, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो.

नटवलेलं जनावर आणि त्याच्या साक्षीने म्हटलेलं टोमणेबाज पद्य, ही जोडी फक्त भंडाऱ्याच्या वैनगंगेकाठचीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये दूध, भाजी, पाव वाहणारे घोड्यांचे छकडे असेच नटू लागले. गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, बहुतांशी इटलीहून आलेल्या कारागिरांनी करड्या फळ्यांवर वेलबुट्टी, फुलं, ड्रॅगन काढले. या कलेचं नाव फिलेतेआदो. ‘फिलेते’ म्हणजे बारीक रेघ.

त्या फळ्यांवर वाक्यंही असत: कुणाची फुशारकी, कुणाचा प्रेमभंग, कुणाला चिमटा. बोर्हेस या लेखकाने 1930 च्या ‘एव्हारिस्तो कारिएगो’ या पुस्तकात छकड्यांवरच्या या मजकुरावर एक प्रकरण लिहिलं. 1955 च्या आवृत्तीत त्याच पुस्तकात टँगोचा इतिहासही आला. फिलेतेआदो आणि टँगो, दोन्ही एकाच वस्त्यांत वाढलेले. टँगोगायक कार्लोस गार्देलचा हसरा चेहरा तर फिलेतेच्या वेलींत इतका मुरला, की आज त्याच्या आबास्तो भागातल्या घरांच्या भिंतीही तशाच रंगल्या आहेत.

छकडे गेले, बसगाड्या आल्या, रंगारी त्यांच्याकडे वळले. 1975 मध्ये सरकारी हुकमाने बसवरची ही नक्षी बंद झाली. कला दुकानांच्या पाट्यांवर आणि चित्रांच्या चौकटीत सरकली. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत टँगो 2009 मध्ये गेला, फिलेतेआदो 2015 मध्ये.

इकडे भंडाऱ्याच्या झाडीपट्टीतही ट्रॅक्टर आला तशी बैलजोड्यांची रांग आखूड झाली. शिंगांवरचा रंग तसाही टिकाऊ नसतोच. पावसाने, घासण्याने उतरतो. झडत्या बहुतेक तोंडातोंडीच राहिल्या, त्यामुळे म्हणणारा गेला की त्याच्या पोतडीतल्या कित्येक झडत्याही गेल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला, असं सांगतात. सुताराने घडवलेले चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत पोरं घरोघर फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. आदल्या दिवशी डब्यात उरलेला रंग तोवर त्या चिमुकल्या शिंगांवर लागलेला असतो.