लग्नाचा चौक आणि लग्नगडी

आमच्या सोसायटीच्या लॉबीत, लिफ्टच्या शेजारी एक वारली चित्र आहे. तुमच्याकडेही असेल. नसलंच तर जवळच्या फ्लायओव्हरच्या खांबावर असेल, नाहीतर घरातल्या चहाच्या कपावर. त्रिकोणी माणसं, गोल फिरणारा तारपा नाच, एक बैलगाडी, एक झाड. झालं, वारली! मीही बरीच वर्षं एवढंच समजत होतो.

परवा ऑफिसातला एक मित्र नवीन फ्लॅटचं ब्रोशर घेऊन आला. त्यात 'ऐतिहासिक कलावस्तीत राहण्याचा अनुभव' विकायला काढला होता. (स्क्वेअर फुटाचा भाव विचारू नका.) कलावस्ती म्हटलं की आपल्याला काळा घोडा आठवतो. जहांगीर आर्ट गॅलरी, फुटपाथवर मांडलेली चित्रं, महागडी कॉफी. मला मात्र त्याच रेल्वेचं दुसरं टोक आठवलं. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं ते काळ्या घोड्याला; आणि वर उत्तरेला, २०१३ पासून जिथपर्यंत लोकल जायला लागली, ते डहाणू रोड. तिथून पूर्वेला आत गेलं की गंजाड, आणि गंजाडचा कळंबीपाडा. घराघरात चित्रं काढणारी माणसं राहतात अशी खरीखुरी वस्ती बघायची असेल तर ती इथे आहे. पण या वस्तीचा इतिहास ब्रोशरवर छापण्यासारखा नाही. आजचा वीकेंड त्याच्यावर.

सुरुवात भिंतीपासून करू. वारली घराची जुनी भिंत कुडाची. म्हणजे कारवीच्या नाहीतर बांबूच्या काड्या उभ्या करायच्या, त्यावर माती आणि शेण लिंपायचं. त्यावर गेरूचा हात. मग तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, थोडा डिंक घालून पांढरा रंग करायचा. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. सामान एवढंच. चित्र निघायचं ते लग्नाला, आणि काढायच्या त्या बायका. सवाष्णींनी एक चौक काढायचा, चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या, आणि आत पालघट देवी. घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देवही लग्नाच्या चित्रात असतो. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी करते. चौक नाही तर लग्न नाही, इतकं साधं गणित. आपण ज्याला 'वारली आर्ट' म्हणतो ती नाचणारी माणसं, झाडं, जनावरं ही या चौकाच्या आजूबाजूची. मुख्य ऐवज आतली देवी.

जाता जाता एक तक्रार. नेटवर कुठेही बघा, 'ही कला इसवी सनपूर्व २५०० सालची' असं ठोकून दिलेलं असतं. भिंत शेणामातीची, पावसाळा कोकणचा, आणि पुढच्या लग्नाला तीच भिंत पुन्हा सारवायची. पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र तरी कुठून मिळणार? गुहाचित्रांशी साम्य दिसतं हे खरं, पण साम्य म्हणजे तारीख नव्हे. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं. आमच्या धंद्यात असे बग फार जुने असतात.

असो. मुद्दा लग्नाचा होता.

लग्नाला चौक लागतो तसा पैसाही लागतो. ताडी, जेवण, मांडव. पैसा कुठून आणायचा? सावकाराकडून. सावकार आणि जमीनदार बहुतेक वेळा एकच, आणि डहाणू-उंबरगाव भागातल्या बहुतेक जमिनी एकोणिसाव्या शतकापासून हळूहळू त्याच्याच नावावर गेलेल्या. जो कर्ज काढून लग्न करायचा तो कर्ज फिटेपर्यंत त्या सावकाराच्या घरी राबायचा, आणि नवी नवरीही त्याच्याबरोबर. अशा माणसाला नाव होतं: 'लग्नगडी'. कर्ज फिटलं की नाही हे ठरवणार सावकार, वही त्याच्याकडे, आणि गड्याला अक्षर येत नाही. म्हणजे प्रत्यक्षात सुटका नाही. शंभर-दीडशे रुपयांत दोन माणसं, जन्मभर. याशिवाय वेठ होतीच: जमीनदाराने बोलावलं की जायचं, फुकट राबायचं, नाही गेलं तर मार. ही कम्युनिस्टांनी फुगवून सांगितलेली गोष्ट आहे असं कुणाला वाटलं तर १९३० च्या दशकाच्या शेवटी खुद्द मुंबई सरकारचा आयसीएस अधिकारी सिमिंग्टन याने आदिवासींच्या स्थितीवर केलेला अहवाल बघावा. साहेबाच्या कोरड्या भाषेतही अंगावर काटा येतो.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. ज्या दिवशी भिंतीवर चौक उमटायचा, त्याच्या आगेमागेच ते जोडपं गहाण पडायचं. आपण ज्याला 'आदिवासींच्या निरागस आनंदाचं चित्रण' वगैरे म्हणतो, ते चित्र किती घरांमध्ये गुलामीच्या उंबरठ्यावर काढलं गेलं असेल! हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझंच अनुमान आहे. पण एकदा डोक्यात आल्यावर ते जात नाही.

हे थांबलं कसं, तर १९४५ साली. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे या भागातले काही वारली गेले होते. मग गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर इकडे आले. गोदूताई पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या, महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतात. त्या पाड्यापाड्यात पायी फिरल्या, झोपडीत राहिल्या, जे मिळेल ते खाल्लं. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात परिषद भरली आणि सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव काय? वेठ करायची नाही. बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. मारलं तर एकट्याने सोसायचं नाही. बस्स. आणि काही आठवड्यांत, शेकडो वर्षांची म्हणावी अशी वेठ बंद पडली. माणसं घोळक्याने सावकारांच्या वाड्यांवर गेली आणि लग्नगड्यांना मोकळं करून घरी घेऊन आली. हाच या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग. कुठला कायदा नाही, कोर्टाची ऑर्डर नाही, नुसतं 'चला' म्हणायचं.

किंमत पडलीच. पावसाळा संपल्यावर गवतकापणीच्या दरावरून संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला लोक जमले, कारण 'गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे' असा खोटा निरोप पसरवला गेला होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार. परुळेकर दांपत्याला तडीपार केलं गेलं. गोदूताईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ते १९७० ला आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. घरात नसेल तर आणा. मराठीतलं इतकं सरळ, बिनअलंकाराचं गद्य कमी आहे. तलासरीच्या कॉलेजलाही आज गोदूताईंचंच नाव आहे. (१९४५ ला तलासरी उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, आणि तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली.)

त्याच १९४५ साली पलीकडे बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखतात. मग शाळाच कुरणावर न्या, ही त्यांची कुरणशाळा. ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर स्वतंत्र वीकेंड घालवावा लागेल.

आता जिव्या. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरीकडच्या धामणगावचा. लहानपणीच आई गेली, त्या धक्क्याने पोराचं बोलणं बंद झालं, आणि जे सांगायचं ते तो धुळीत चित्र काढून सांगायचा. अकराव्या वर्षाच्या आसपास तो कळंबीपाड्याला आला. हिशेब करा, साल १९४५ च्या आगेमागे येतं. म्हसेंच्या चित्रांचा उठावाशी थेट संबंध जोडण्याचा माझा दावा नाही. पण लग्नगडी बनण्याच्या वयाला तो पोचला तोवर ती प्रथा मोडलेली होती, एवढं नक्की. बापाच्या पिढीसारखं आयुष्य त्याच्या वाट्याला आलं असतं तर काडी हातात घ्यायला वेळ कुठून मिळाला असता?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इथे आले. हा अवलिया चित्रकार त्याआधी बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेत गेला होता, आणि तिथल्या बायकांना भिंतीऐवजी कागदावर रंगवायला देऊन त्याने त्यांच्या हातात चार पैसे येतील अशी सोय केली होती. इकडेही तोच बेत: कागद द्यायचा, गेरू द्यायचा, चित्रं मुंबई-दिल्लीला न्यायची. कुलकर्णी गेले ते बायकांच्या चित्रांच्या शोधात, आणि सापडला हा पुरुष, जो लग्नबिग्न नसतानाही चित्र काढत होता. १९७५ ला मुंबईत केमोल्ड गॅलरीत म्हसेंचं प्रदर्शन झालं. ही गॅलरी तेव्हा जहांगीरच्याच इमारतीत, म्हणजे काळ्या घोड्यालाच होती. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार. २००३ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये रिचर्ड लाँग या मोठ्या इंग्लिश कलाकाराबरोबर जोडीने प्रदर्शन. २०११ ला पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

कागद आल्यावर काय काय बदललं? चौकाबाहेरची माणसं सुटी झाली. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, भातलावणी, अख्ख्या कागदभर. म्हसेंच्या जाळ्याच्या चित्रात रेषा अशा थरथरतात की जाळं खरंच पाण्यात आहे असं वाटतं. हा फायदा. तोटा असा की बायकांची कला बघता बघता पुरुषांचा व्यवसाय झाली. पोस्टर, पुरस्कार, परदेशवारी यांवर नावं बहुतेक पुरुषांची, आणि लग्नात चौक काढणारी बाई निनावीच. ओपन सोर्समध्ये मूळ कोड लिहिणारी एक आणि कॉन्फरन्सला भाषण देणारा दुसरा, तसं काहीसं. तरी बरं, पुढच्या पिढीत बायका-मुली पुन्हा काढू लागल्यात, विकूही लागल्यात.

२०१४ ला वारली चित्रकलेला जीआय नोंदणी मिळाली. ऐकायला छान. पण जीआय नाव राखतो, रेषा नाही. कुणी त्रिकोणी माणसांची वेक्टर फाईल डाऊनलोड करून कुर्त्यावर छापली आणि 'ट्रायबल प्रिंट' असं लेबल लावलं, तर गंजाडच्या माणसाने कुणाकडे जायचं? हा आमच्या लायसन्सच्या वादांपेक्षा अवघड प्रश्न आहे, कारण इथे मूळ लेखक एक माणूस नाहीच.

आणि वस्तीत राहण्याचं म्हणाल तर तीही धड उरेल का, हा प्रश्न आहेच. १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, १९९६ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने त्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ ला या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच वाढवणची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा एक्सप्रेसवे, दोन्ही याच दोन तालुक्यांतून. कुडाच्या भिंती जाऊन विटा-सिमेंट आलं, ते ठीक. गळकं घर राहणाऱ्याने 'पारंपरिक' म्हणून का सोसायचं? पण लग्नाचा खर्च अजून तोच. जमत नाही म्हणून जोडपी आधी संसार थाटतात आणि लग्न लांबवतात. आई-बापाचं आणि पोराचं लग्न एकाच मांडवात लागल्याच्या बातम्या पालघर जिल्ह्यातून येत असतात. तेव्हाही चौक लागतोच.

मित्राने तो फ्लॅट बुक केला म्हणे. मी लॉबीतलं आमचं चित्र काल नीट बघितलं. पहिल्यांदाच. चौक आहे, अगदी चारी बाजूंच्या नक्षीसकट. आत पालघट नाही. रंगाऱ्याला मी विचारलं, तर म्हणाला मधली जागा सेक्रेटरींनीच मोकळी ठेवायला सांगितली होती, नोटीस बोर्डासाठी. सध्या तिथे मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी आहे.