खेळाची नीती : देणे कोणते आणि औदार्य कोणते?

मंडळी, आजचा विषय आम्हाला एका वर्गाने दिला. निवृत्तीनंतर नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही 'खेळातील नीती' शिकवत होतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात खेळ कशाला, असे काही जणांनी विचारलेही. त्यांना आम्ही सांगायचो, की फसवणूक वाईट का, हे कांटच्या आधारे समजावायला दोन तास लागतात; जमिनीला टेकलेला चेंडू झेलला म्हणून ओरडणारा क्षेत्ररक्षक सांगा, दहा मिनिटांत वर्ग भांडायला लागतो.

सुरुवात आम्ही वानखेडेपासून केली. फेब्रुवारी १९८०. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी सामना होता. (१६ तारखेला सूर्यग्रहण होते, म्हणून त्या दिवशी खेळाडूंना सुट्टी! आपल्याकडे ग्रहण कसोटीलाही लागते.) भारताच्या २४२ धावा झाल्या आणि इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतले. मग यष्टिरक्षक बॉब टेलरविरुद्ध यष्टीमागे झेल घेतल्याचे अपील झाले आणि पंच हनुमंत राव यांनी बोट वर केले. चेंडू आपल्या बॅटला लागलाच नाही, असे टेलरचे म्हणणे. तो घुटमळला. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने अपील मागे घेतले आणि त्याला परत खेळायला लावले. पुढे टेलरच्या ४३, बोथमच्या ११४, दोघांची भागीदारी १७१ धावांची. बोथमने सामन्यात तेरा बळीही घेतले आणि भारत दहा गडी राखून हरला.

वर्गात तीन तट पडले. पहिला म्हणाला, हे कर्तव्याच्या पलीकडचे सत्कृत्य. केले तर धन्य, नाही केले तरी दोष नाही. दुसरा म्हणाला, सामना काय एकट्या विश्वनाथचा होता? उरलेल्या दहा जणांच्या मेहनतीतून औदार्य दाखवायचा अधिकार त्याला कुणी दिला? तिसऱ्या तटाचा प्रश्न सगळ्यांत टोकदार होता. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, तर ती विकेट आपली होतीच कुठे? रस्त्यात सापडलेले पाकीट मालकाला परत केले तर त्याला दान म्हणतात का? आम्हाला विचाराल तर आम्ही तिसऱ्यांच्या बाजूचे. विश्वनाथचे मोठेपण त्याने कमी होत नाही. मोठेपण इतकेच, की परत करणे सक्तीचे नसताना त्याने परत केले.

हा भेद मनात ठेवा, देणे आणि औदार्य यांच्यातला. कारण त्यानंतर आम्ही पालवणकर बाळूंकडे वळलो आणि वर्ग गप्प झाला.

बाळूंचा जन्म १८७६चा. चर्मकार समाजातले घर, मूळ गाव रत्नागिरीकडचे. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर ते मैदानाची देखभाल करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. डावखुरी, संथ, कमालीची अचूक फिरकी. फलंदाजी मात्र त्यांनी करायची नाही. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, आणि त्यासाठी हा गोलंदाज हवा होता. घ्यावा की नाही, यावर बरीच खळखळ झाली, मग घेतले. आता तपशील ऐका. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. चहापानाच्या वेळी मात्र बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. शिवाशिवीतून चेंडूला तेवढी सूट होती!

पुढे ते मुंबईला आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक वेळा हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे रीतसर सोपवले गेले नाही. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल उत्तम फलंदाज होता. १९२०मध्ये कर्णधारपदावरचा त्याचा हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. वाद वर्तमानपत्रांत गेला. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदू संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

वर्गाला आम्ही विचारले, इथे क्रिकेटचा कोणता नियम मोडला? एकही नाही. पंचाचे चुकले? नाही. बावीस यार्डांत सगळे नीट चालले होते. मग आपली खेळाची नीती नेमकी कुठे पाहते? आपण खिलाडूवृत्तीच्या गोष्टी सांगतो त्या मैदानातल्या. कोण झेल नाकारतो, कोण प्रतिस्पर्ध्याला हात देतो. निवड समितीच्या खोलीत काय झाले, चहा कुठे दिला, हे आपण 'त्या काळची सामाजिक परिस्थिती' या खात्यावर टाकून मोकळे होतो. १९२३च्या निर्णयाला समितीचा उदारपणा म्हणायची सवय त्यातूनच लागते. अहो, कसला उदारपणा? ज्याचे होते ते त्याला तीन वर्षे उशिराने मिळाले. पाकीट परत केले, तेही आधी नाही म्हणून.

आताचे उदाहरण हवे असेल तर आपल्या नेरूळचेच घ्या. २ नोव्हेंबर २०२५ला डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. प्रतिका रावलने याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकले होते. नंतर ती जखमी झाली, संघातली तिची जागा दुसरीला मिळाली, आणि पदके अंतिम यादीतल्या पंधरांनाच, हा नियम. चाकांच्या खुर्चीतून ती जल्लोषात आली, पण त्या रात्री तिच्यासाठी पदक नव्हते. पुढे तिलाही ते मिळाले. ते तिचे देणे होते की कुणाची मेहेरबानी, तुम्हीच बघा.

पण बाळूंची गोष्ट इथे संपली असती तर फार सोपी झाली असती. ज्या संघात त्यांनी हक्क मागितला, तो संघच धर्मावर उभा होता. मुंबईची ती स्पर्धा पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन अशी चौरंगी, आणि १९३७पासून 'इतर' धरून पंचरंगी झाली. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर'. १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध 'इतरां'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! डिसेंबर १९४०मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींना भेटले. महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने समजू शकतात, धर्मवार संघ कशासाठी, असा त्यांचा आशय होता. स्पर्धा तरीही आणखी काही वर्षे चालली आणि १९४६मध्ये थांबली. गर्दी प्रचंड जमायची, हे विसरू नका. लोकांना ती मनापासून आवडत होती.

यावर उरणकडचा एक विद्यार्थी उठला. म्हणाला, "सर, आमच्याकडे 'एक गाव एक संघ' अशाच स्पर्धा असतात. आधार कार्ड बघतात. मूळ गावकरीच खेळणार. हेही पंचरंगीच का?" वर्ग हसला, पण तो हसला नाही. नवी मुंबईसाठी १९७०नंतर पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. तो म्हणाला, "शेतं गेली, खाडी गेली. गावाचं नाव टी-शर्टवर तरी राहू द्या."

वाशीच्या बाजारात माथाडी काम करणाऱ्याची एक मुलगी त्याच वर्गात होती. सातारकडचे कुटुंब, एका गावठाणात भाड्याच्या खोलीत वीस वर्षे राहणारे. तिचा भाऊ तिथेच जन्मला, तिथल्याच पोरांबरोबर टेनिस बॉलवर शिकला. स्पर्धेच्या दिवशी तो स्कोअर लिहायला बसतो. ती एवढेच म्हणाली, "त्याचं गाव कोणतं, ते सांगा."

दोघांचेही म्हणणे खरे होते. तास संपल्यावर अर्धा तास आम्ही तिथेच बसून होतो. त्या मुलाने सत्राअखेरीचा निबंध याच विषयावर लिहिला. गावात दहा वर्षे राहिलेल्या कुणालाही संघात घ्यावे, असा नियम त्याने सुचवला होता, कारणेही नीट मांडली होती. शेवटी एक ओळ जोडली होती : 'कर्णधार मात्र मूळ गावातलाच असावा.' त्या ओळीखाली आम्ही लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, '१९२० पुन्हा वाचा.'