भगाच्या अपस्फीत शिरा

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियातील, विशेषतः मोठ्या भगोष्ठांतील शिरा फुगून वेड्यावाकड्या होण्याच्या विकारास भगाच्या अपस्फीत शिरा असे म्हणतात. दवाखान्यात यासाठी 'व्हल्व्हर व्हेरिकोज व्हेन्स' ही संज्ञा रूढ आहे. हा विकार बहुधा गरोदरपणात, त्यातही दुसऱ्या किंवा पुढील खेपेस, पाचव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतो. बाळंतपणानंतर साधारण ६ आठवड्यांत तो बहुतेक स्त्रियांमध्ये आपोआप ओसरतो.

== कारणे व लक्षणे ==
गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वाढते गर्भाशय श्रोणीतील शिरांवर दाब आणते. शिरांतील झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलट दिशेने येऊन साचते. जडपणा, ठणका, खाज व सूज ही लक्षणे दिवसभर उभे राहिल्यावर वाढतात. काहींना समागमानंतर वेदना होतात. अनेकींना कोणताच त्रास जाणवत नाही.

== निदान ==
तपासणी स्त्रीला उभे करून करणे महत्त्वाचे असते, कारण आडवे होताच या शिरा रिकाम्या होतात आणि विकार नजरेतून सुटतो. जांघेतील हर्निया व बार्थोलिन ग्रंथीची गाठ यांपासून तो वेगळा ओळखावा लागतो. रक्तप्रवाहाची दिशा डॉपलर सोनोग्राफीत कळते. गरोदर नसलेल्या स्त्रीत हा विकार आढळल्यास बीजांडकोशाच्या व श्रोणीतील इतर शिरांचा दोष शोधतात.

निदानातील मोठा अडथळा मात्र संकोचाचा आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास शिरांच्या विकाराविषयी नव्हता, पण न सांगितलेल्या दुखण्याचे प्रमाण त्यातून ध्यानात येते. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या तालुक्यात कापूस वेचणीच्या हंगामात स्त्रिया दिवसभर उभ्या किंवा वाकलेल्या असतात. अशा वेळी ठणका थकव्याचा समजला जाणे साहजिक आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे ही तक्रार सांगता येते. जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे.

== उपचार ==
गरोदरपणी उपचार साधे असतात: डाव्या कुशीवर झोपणे, पाय उंचावून ठेवणे, फार वेळ उभे न राहणे, थंड पाण्याच्या घड्या आणि आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रे. केवळ या कारणासाठी सिझेरियन करावे लागत नाही. प्रसूतीत शीर फुटून रक्तस्राव होणे विरळ आहे. तरीही प्रसूती करणाऱ्याला आधी कल्पना असल्यास छेद त्या बाजूस घेणे टाळता येते.

एखादी शीर अचानक टणक, लाल व अतिशय दुखरी झाल्यास तिच्यात रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

प्रसूतीनंतरही त्रास राहिल्यास शिरेत औषध टोचून ती बंद करतात. या पद्धतीस स्क्लेरोथेरपी म्हणतात. मूळ दोष बीजांडकोशाच्या शिरेत असेल, तर कॅथेटरमधून बारीक धातूची वेटोळी सोडून ती शीर बुजवतात. शस्त्रक्रियेने शीर बांधण्याची वेळ क्वचितच येते. पुढील गरोदरपणात हा विकार पुन्हा उद्भवू शकतो.