कागदी पट्टीतील भोके कोणाची?

संगणकाच्या तासाला एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, मी मित्राला पुस्तक वाचायला दिलं तर ती चोरी नाही. मग प्रोग्रॅम दिला तर चोरी कशी?" कायद्यात काय लिहिले आहे ते सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. विद्यार्थ्याचे समाधान मात्र झालेले नसते, आणि खरे सांगायचे तर आपलेही नसते. हाच प्रश्न १९७५–७६ साली अमेरिकेतील काही हौशी मंडळींमध्ये मोठ्या कडाक्याने भांडला गेला. ते भांडण मुळातून समजून घेण्याजोगे आहे.

सुरुवात एका निळ्या पेटीपासून झाली. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकले. नाव 'अल्टेअर ८८००'. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथील 'मिट्स' ही छोटी कंपनी तिचे सुटे भाग चारशे डॉलरच्या आत टपालाने पाठवत असे. डाग देऊन, तारा जोडून संगणक आपला आपण तयार करायचा. ना कळफलक, ना पडदा. समोर फक्त बटणांच्या आणि लाल दिव्यांच्या रांगा. स्मृती किती? २५६ बाइट. म्हणजे या लेखाचा हा एवढा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावला नसता! तरीही मागण्यांचा पाऊस पडला, कारण तोवर संगणक ही विद्यापीठांची, बँकांची आणि लष्कराची मिरास होती.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसे जमली. बोलावणे फ्रेंच आणि फ्रेड मूर यांचे. मूर हे युद्धविरोधी चळवळीतले कार्यकर्ते. ज्ञान वाटल्याने वाढते ही त्यांची निष्ठा होती आणि ती त्या मंडळाच्या अंगी मुरली. घरी गाळलेल्या बिअरला इंग्रजीत जो शब्द आहे तोच मंडळाला चिकटला: 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'. पहिल्या सभेला स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक बुजरा अभियंता आला होता. पुढे 'ॲपल-१'चा आराखडा तो याच क्लबात हवा त्याला फुकट देऊ लागला. अशा मंडळींना आज 'गीक' म्हणतात. पूर्वी हा शब्द हेटाळणीचा होता, आता तो लोक कौतुकाने मिरवतात.

या क्लबाचा स्वभाव एका प्रसंगातून चांगला कळतो. स्टीव्ह डॉम्पिअर आपला अल्टेअर चालवत असताना शेजारी रेडिओ चालू होता. संगणक आकडेमोड करू लागला की रेडिओ खरखरे. दुसरा कोणी असता तर त्याने रेडिओ दूर नेला असता. डॉम्पिअरने कान दिला. संगणकातील विद्युत्‌प्रवाह अतिवेगाने चालू-बंद होत असतो, त्यातून रेडिओलहरी बाहेर पडतात आणि मध्यमलहरींवरचा रेडिओ त्या पकडतो. (ट्रान्झिस्टर मध्यमलहरींवर लावून एखाद्या मोबाइलच्या चार्जरजवळ धरून पाहा. बहुधा खरखर ऐकू येईल. विद्यार्थ्यांना हा प्रयोग आवडतो.) प्रोग्रॅममधील एखादे आवर्तन किती लांब ठेवले यावर सूर वर जातो की खाली येतो हे त्याने हेरले. मग बटणे एकेक करून वरखाली करत त्याने सभेत सगळा प्रोग्रॅम भरला. कोणाचा तरी पाय तारेत अडकून वीज गेली आणि भरलेले सारे पुसले गेले. त्याने पुन्हा पहिल्यापासून भरले. आणि रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची धून उमटली. दुसरी धून 'डेझी बेल'ची होती, १९६१ साली बेल प्रयोगशाळेतील संगणक जे गाणे गायला होता तेच. सभागृह उभे राहिले. या करामतीचा व्यवहारात उपयोग शून्य. पण ती कशी केली हे डॉम्पिअरने लगेच सर्वांना सांगून टाकले.

बटणांनी प्रोग्रॅम भरणे किती काळ चालणार? माणसाला झेपेल अशी भाषा हवी होती. तशी एक होतीच: बेसिक. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या डार्टमथ कॉलेजातील दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती १९६४ साली घडवली, विज्ञानेतर शाखांच्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणून. त्यांनी ती कुलुपात ठेवली नाही. आपल्याकडे १९८४–८५ साली 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांवर मुलांनी गिरवली तीही बेसिकच.

ही भाषा अल्टेअरला शिकवली बिल गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टी डेव्हिडॉफ या तरुणांनी. जवळ अल्टेअर नव्हता. हार्वर्ड विद्यापीठाच्या मोठ्या संगणकाला त्यांनी अल्टेअरचे सोंग घ्यायला लावले आणि त्यावर काम केले. ॲलन यांनी कागदी पट्टी घेऊन अल्बुकर्की गाठले. दोन अधिक दोन विचारताच यंत्राने चार उत्तर दिले. चार हजार बाइटांत एक भाषा बसवणे हे काम अव्वल दर्जाचे होते, याविषयी दुमत नसावे.

वाद किमतीवरून पेटला. आठ हजार बाइटांचे बेसिक 'मिट्स'च्या स्मृतिकार्डांसोबत ७५ डॉलरला मिळे, नुसते घेतल्यास ५०० डॉलर. आणि ती कार्डे नीट चालत नसत! शहाणी माणसे दुसऱ्यांची कार्डे घेत, म्हणजे बेसिक महागात. अशातच जून १९७५मध्ये पालो आल्टो येथे 'मिट्स'ने भरवलेल्या प्रात्यक्षिकात कोणीतरी बेसिकची पट्टी उचलली. पट्टीच्या एका ओळीतील आठ भोकांच्या जागा म्हणजे एक बाइट. भोके जशीच्या तशी पाडली की नक्कल तयार. डॅन सोकोल यांनी कामावरच्या यंत्रावर पन्नासेक नकला काढल्या आणि पुढच्या सभेत वाटल्या. अट एकच: घेणाऱ्याने आणखी नकला काढून वाटाव्यात.

येथे आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका उभा राहतो. उसने दिलेले पुस्तक आपल्या हातातून जाते, पट्टीची नक्कल दिली तर मूळ पट्टी आपल्याकडेच राहते. कोणाचेच काही गेले नाही असे वाटते ते त्यामुळे.

गेट्स यांचे म्हणणे वेगळे होते. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी हौशी मंडळींना उघड पत्र लिहिले. यंत्राचे पैसे देता आणि प्रोग्रॅम मात्र वाटून घेता, ही चोरी आहे, असा त्याचा रोख. बेसिक विकत घेणारे अल्टेअरधारक १० टक्क्यांहून कमी, वापरलेल्या संगणकवेळेचे मोल ४० हजार डॉलरहून जास्त, आणि मानधनाचा हिशेब तासाला दोन डॉलरही भरत नाही, असे आकडे त्यांनी मांडले. फुकटात एवढे काम कोण करील, हा त्यांचा सवाल होता. आम्हाला तो रास्त वाटतो. मात्र ज्या संगणकवेळेचे मोल ते सांगत होते ती हार्वर्डची होती, आणि त्या संगणकाचा खर्च अमेरिकी संरक्षण खाते उचलत होते. हौशी मंडळींनी हे लगोलग दाखवून दिले. सार्वजनिक पैशावर उभे राहिलेले काम खाजगी कधी होते? कायदाही तेव्हा धूसर होता. प्रोग्रॅमला स्वामित्वहक्क लागू होतो हे अमेरिकेच्या कायद्यात १९८० साली स्पष्ट झाले, भारतात १९८४च्या दुरुस्तीने.

क्लबातल्या व त्याच्या आसपासच्या काहींनी वाद घालण्याऐवजी काम सुरू केले. बॉब अल्ब्रेक्ट हे मुलांना बेसिक शिकवणारे गृहस्थ. त्यांच्या 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी'च्या पत्रातून डेनिस ॲलिसन यांनी 'टायनी बेसिक'चा आराखडा दिला आणि वाचकांना आवाहन केले: भाषा आपणच बनवू. वाचकांनी बनवलीही. ते प्रोग्रॅम छापण्यासाठी जानेवारी १९७६मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' निघाले. ली-चेन वँग यांनी आपल्या आवृत्तीवर 'कॉपीराइट'ऐवजी 'कॉपीलेफ्ट' असे लिहिले. इंग्रजीत 'राइट' म्हणजे हक्कही आणि उजवाही, म्हणून यांनी डावा घेतला. मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीत हाच शब्द पुढे गंभीर अर्थाने रुजला.

टॉम पिटमन यांनी तिसरेच केले. त्यांनी आपले टायनी बेसिक विकायला काढले, पण पाच डॉलरला. मागण्या आल्या. त्यांत काही पाकिटे अशी होती की, पाठवणाऱ्याने मित्राकडून नक्कल आधीच घेतली होती आणि तरी पाच डॉलर पाठवले होते.