डोहाळे : दोन हृदयांची स्त्री आणि तिचा जोडीदार

१/ गरोदर पत्नीशी पतीने कसे वागावे, हा प्रश्न आजचा नाही. प्राचीन वैद्यकाने, धर्मशास्त्राने आणि काव्यानेही त्याचा विचार केला आहे. ‘डोहाळे’ या शब्दातच त्याची खूण सापडते. 🧵

२/ सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. म्हणून गर्भिणी ‘द्विहृदया’, म्हणजे दोन हृदयांची, आणि तिच्या इच्छा म्हणजे ‘दौहृद’. संस्कृत-प्राकृतातील ‘दोहद’, ‘दोहल’ या रूपांशी आपल्या ‘डोहाळ्यां’चे नाते आहे.

३/ इच्छा अपुरी राहिल्यास गर्भात दोष येतो, अशी समजूत होती. याज्ञवल्क्यस्मृतीही हेच कारण देऊन स्त्रीला प्रिय ते करावे असे सांगते. चरकसंहिता अधिक व्यवहारी आहे : अपायकारक वस्तूची ओढ अतितीव्र असेल, तर हितकर पदार्थांत मिसळून ती द्यावी.

४/ शरीरसंबंधाबाबत मात्र हे ग्रंथ कठोर होते. गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टींत ‘व्यवाय’, अर्थात समागम, येतो. आजचे वैद्यक गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात तो सहसा सुरक्षित मानते. रक्तस्राव किंवा वार खाली असणे अशा स्थितीत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो.

५/ पण समागम वर्ज्य म्हणजे जवळीक वर्ज्य नव्हे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागतात. एकांतात तिच्या मुखाचा मृद्गंध घेताना दिलीप राजाची तृप्ती होत नाही. ती लाजून काही मागत नाही, तेव्हा तो तिच्या सख्यांना वारंवार विचारतो. कालिदासाचा राजा इथे आज्ञा देत नाही. तो विचारपूस करतो.

६/ याच परंपरेची काळी बाजू भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात दाखवली. सीतेचे डोहाळे पुरवावेत, असा वडीलधाऱ्यांचा निरोप येतो. तिला पुन्हा वनात जावेसे वाटते. राम रथ सज्ज करण्यास सांगतो. आणि लोकापवाद कानी येताच तोच रथ तिच्या त्यागाचे साधन होतो.

७/ शास्त्राने पतीवर कर्तव्य घातले खरे, पण ते मुख्यतः गर्भासाठी. गर्भिणीची इच्छा मोलाची ठरली ती तिच्या पोटातील दुसऱ्या हृदयामुळे. तिचे स्वतःचे, पहिले हृदय ओळखण्यासाठी नियम पुरेसे नव्हते. दिलीपाने ते विचारून जाणले. रामाला ते ठाऊक होते, तरीही सीता एकटी पडली.