ड्रॉइंग कोणाचं?

गाडीच्या सुट्या भागांचे पुरवठादार नवीन उत्पादन कसं विकसित करतात, यावर प्रस्ताव लिहायचा म्हटलं की बरेच जण थेट टप्पे, वेळापत्रक, गँट चार्ट यांकडे वळतात. मीही तेच केलं होतं. पण आधी एक साधा प्रश्न विचारा: त्या भागाचं ड्रॉइंग कोणी काढलं? प्रोजेक्ट किती लांबणार, किती इंजिनिअर लागणार, भाग बिघडला तर कोण भरून देणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

जपानमध्ये यासाठी वेगळे शब्दच आहेत. ‘ताइयोझु’ म्हणजे गाडी कंपनीने वापरायला दिलेलं ड्रॉइंग. पुरवठादाराने त्याबरहुकूम भाग बनवायचा. ‘शोनिन्झु’ म्हणजे मंजूर केलेलं ड्रॉइंग. यात कंपनी जागा, वजन, काम आणि किंमत एवढंच सांगते. डिझाइन, नमुने, चाचण्या हे सगळं पुरवठादाराकडे. कंपनी तपासून मंजुरी देते. क्योतो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ बानरी आसानुमा यांनी १९८० च्या दशकात हा फरक नीट मांडला.

त्याच सुमारास हार्वर्डचे किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो २० गाडी कंपन्यांचे २९ विकास प्रोजेक्ट अभ्यासत होते. क्लार्क यांच्या १९८९ च्या पेपरमधला तक्ता जरूर बघा. पुरवठादाराने स्वतः डिझाइन केलेले, म्हणजे ‘ब्लॅक बॉक्स’ भाग, खरेदीखर्चाच्या हिशेबाने जपानमध्ये ६२ टक्के, युरोपात ३९ आणि अमेरिकेत फक्त १६. नवी गाडी लवकर आणि कमी मनुष्यतासांत बाजारात आणण्यात जपानी कंपन्या पुढे होत्या, त्याचं एक मोठं कारण इथे सापडलं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘वेळ वाचवण्यासाठी टोयोटाने ही पद्धत स्वीकारली.’ गाईडनी ‘साठी’ या दोन अक्षरांभोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं: कशावरून?

खरंच, कशावरून? फायदा झाला हे तक्ता दाखवतो. पण त्या फायद्यासाठीच पद्धत सुरू झाली, असं तो कुठे म्हणतो? फुजिमोतो यांनी पुढे हाच इतिहास खणला, आणि चित्र बरंच वेडंवाकडं निघालं. युद्धानंतर टोयोटा आर्थिक संकटात होती. डिसेंबर १९४९ मध्ये विजेच्या भागांचा कारखाना वेगळा काढून निप्पोनडेन्सो ही कंपनी झाली. आजची डेन्सो तीच. कारखान्याबरोबर विजेच्या भागांचं ज्ञान असलेले इंजिनिअरही गेले. मग टोयोटाने ड्रॉइंग काढायचं कोणाकडून? पुरवठादाराच्या ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का मारणं हाच व्यवहार्य मार्ग उरला. थोडक्यात, गरजेपोटी.

पद्धत सर्वदूर पसरली ती मात्र १९६० च्या दशकात. मॉडेलं भराभर वाढली आणि कंपन्यांचे स्वतःचे डिझाइन विभाग पुरे पडेनात. पुरवठादारांनाही ते हवंच होतं. नुसतं दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्याला बदलणं सोपं. डिझाइनची जाण असलेल्याला हलवणं अवघड. हा पुरवठादारांचा स्वार्थ आपण फार कमी वाचतो, कारण बहुतेक पेपर गाडी कंपनीच्या खुर्चीत बसून लिहिलेले असतात.

फुजिमोतोंचं हे म्हणणं मूळ पुस्तकातच वाचा. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीच्या उत्क्रांतीवरचं, १९९९ चं. सारांशांत नेमका हा गोंधळाचा भाग गाळला जातो.

आणि चाकणच्या एखाद्या पुरवठादाराकडे फील्डवर्कला गेलात, तर पीपॅपची फाइल मागून बघा, म्हणजे नवीन भागाच्या मंजुरीसाठी ग्राहकाला द्यायची कागदपत्रं. यादीत पहिलंच नाव ‘डिझाइन रेकॉर्ड’चं असतं. त्यानंतर डिझाइन एफएमईए, म्हणजे डिझाइनमध्ये काय चुकू शकतं याचा तक्ता, शोधा. डिझाइनची जबाबदारी पुरवठादाराकडे असेल तरच तो त्याच्याकडून मागितला जातो. तो तिथे आहे का, आणि असल्यास कधीपासून करायला लागले, हे तिथल्या जुन्या माणसांना विचारा.