सीलबंद डबा आणि दुकानदार

अंधेरी-मुलुंडला झुरळांचं औषध आपण दुकानदाराच्या भरवशावर घेतो. पण आतला माल लेबलाप्रमाणे नसेल तर दोषी कोण?

हा कायदा जन्मला एका दुर्घटनेतून. 1958 साली मुंबईहून कोचीनला गेलेल्या बोटीत पिठाबरोबर फॉलिडॉल हे कीटकनाशकही होतं. ते गळून पिठात मुरलं आणि केरळात शंभरावर माणसं दगावली. चौकशी झाली, आणि दहा वर्षांनी, 1968 साली, कीटकनाशक कायदा आला.

त्याचं कलम 30 म्हणतं, 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालणार नाही. मात्र परवानाधारकाकडून घेतलेला माल नीट साठवला, तो होता तसाच राहिला आणि वाजवी काळजी घेऊनही दोष कळला नसता, हे विक्रेत्याने सिद्ध केलं तर तो सुटतो.

मला हे रास्त वाटतं. सील फोडून कोण बघणार? पण खरेदीचं बिल जपणं तर हातात आहे ना!